पट्टा काढून पहिला धडा

माहूरमध्ये शिवणकामावर घर चालवणाऱ्या बाईचं वर्ष नवरात्रापासून नवरात्रापर्यंत असतं. घटस्थापनेच्या आधी महिना-दीड महिना मान वर करायला सवड मिळत नाही. रेणुकामातेच्या दर्शनाला मराठवाड्यातून, विदर्भातून, तेलंगणातून माणसं येतात, गावात घरोघरी पाहुणे उतरतात, लेकी माहेरी येतात. वर्षभर ओटीत मिळालेले, कपाटात साठलेले खण त्याच वेळी बायकांना आठवतात आणि पिशव्या भरभरून माझ्या ओसरीत येऊन पडतात. त्या दिवसांत कुणाला काही शिकवायचं म्हटलं तर ते होणार नाही.

शिकवायचा काळ उन्हाळा. लग्नसराईचे ब्लाऊज असतात, पण ते मी पहाटे आणि सकाळी उरकून घेते. अकरानंतर नांदेड जिल्ह्यातलं ऊन माणसाला उंबऱ्याबाहेर पडू देत नाही. लाईट येते-जाते. माझं मशीन पायाचं आहे, काळं, लोखंडी स्टँडवरचं, आईच्या हातचं. त्याला लाईट लागत नाही. अशाच एका सुट्टीत भावाची मुलगी पाचवीची परीक्षा देऊन किनवटहून माझ्याकडे आली आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "आत्या, मला मशीन शिकव."

भावजयीचा लगेच फोन आला. "ताई, तिला मशीनजवळ जाऊ देऊ नका. बोटात सुई घालून घेईल लेकरू."

तिची भीती खोटी नाही. माझ्याकडे कापडं टाकायला येणाऱ्या बहुतेक आयांचं हेच म्हणणं असतं. घरात मशीन असतं, त्यावर आईचं काम चालतं आणि लेकरांना एकच वाक्य ऐकू येतं: हात लावू नको. पण आई पाणी भरायला गेली की लेकरू हात लावतंच. त्या वेळी सुई वर आहे की खाली, पायडलवर पाय कुठे ठेवायचा, चाक कुठल्या दिशेला फिरवायचं, यातलं त्याला काहीच माहीत नसतं. समोर मोठं माणूसही नसतं. माझ्या मते लेकराला सगळ्यात जास्त इजा याच वेळी होते. म्हणून मी भावजयीला सांगितलं की मशीन मी तिला शिकवणार, पण माझ्या क्रमाने शिकवणार, आणि त्या क्रमात सुई फार उशिरा येते.

हा क्रम कुठून आला ते सांगायला हवं. मी तरुणपणी ज्या शिवणवर्गात शिकले तिथे मशीनं कमी आणि मुली जास्त होत्या. पहिल्याच दिवशी हातात कापड देऊन मशीनवर बसवत. माझ्या शेजारच्या मुलीने पायडल दाबलं, चाक उलटं फिरलं, दोऱ्याचा गुंता झाला. तो सोडवायला तिने सुईखाली बोट घातलं, पण पाय पायडलवरच होते. गुंता सुटला तसा पायांनी झटका घेतला आणि सुई नखातून आरपार गेली. ती किंचाळली. आम्ही मुलींनी घाबरून तिचा हात ओढला. सुई मोडली आणि तुकडा बोटात राहिला. दवाखान्यात एक्स-रे काढून तो तुकडा काढावा लागला. ती मुलगी परत वर्गात आली नाही.

तेव्हा काय करायला हवं होतं ते मला नंतर एका अनुभवी शिंप्याने सांगितलं. हात ओढायचा नाही. पाय खाली, हात जागच्या जागी. दुसऱ्या माणसाने वरचं चाक हाताने हळूहळू फिरवून सुई वर आणायची. बोट मोकळं झालं की आधी सुई बघायची, टोक शाबूत आहे का. जखम साबणाच्या पाण्याने धुवायची आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी दवाखाना गाठायचा. सुई तुटलेली असेल तर तुकडा चिमट्याने उकरत बसायचं नाही, डॉक्टरकडेच जायचं आणि सुईचा उरलेला भाग सोबत न्यायचा. हे मी भाचीला पहिल्याच दिवशी सांगितलं. घाबरवायला नाही, तर कधी तशी वेळ आली तर काय करायचं ते तिला ठाऊक असावं म्हणून. लेकरं अशी गोष्ट मोठ्या माणसांपेक्षा शांतपणे ऐकून घेतात.

मग मी मशीनचा पट्टा काढला.

खालच्या मोठ्या चाकावरून वरच्या छोट्या चाकाकडे जाणारा चामड्याचा पट्टा उतरवला की पायडल आणि मोठं चाक तेवढं फिरतं, वरचं मशीन जागेवर राहतं. सुई हलत नाही, काही हलत नाही. लेकराला बसवायचं ते या अशा मशीनवर. आधी बैठक. स्टूल इतकं उंच हवं की दोन्ही पावलं पायडलवर पूर्ण टेकली पाहिजेत, टाच लटकता कामा नये. माझं स्टूल तिला उंच पडत होतं म्हणून भिंतीकडचा बुटका मोडा आणला. पोट मशीनच्या कडेला टेकणार नाही, पण हात पुढे पोचतील एवढं अंतर. डोळे सुईच्या वर, एका बाजूला नाही. केस बांधलेले, ओढणी बाजूला काढून ठेवलेली, बांगड्या नाहीत. मोठ्या चाकाच्या आऱ्यांत ओढणीचं टोक गेलं तर मान ओढली जाते, हे मी पाहिलेलं आहे.

पायडल म्हणजे नुसतं दाबणं नव्हे. एक पाऊल जरा पुढे, एक जरा मागे, पुढचं खाली गेलं की मागच्याने दाब द्यायचा, टाच आणि बोटं आलटून पालटून. लेकरांचं चाक सुरुवातीला हमखास उलटं फिरतं. दोरा तुटण्याचं आणि गुंता होण्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं, आणि गुंता झाला की बोट सुईखाली जातं. म्हणून पाय पक्का झाल्याशिवाय पुढे जायचं नाही, असा माझा नियम. मी मोठ्या चाकाला जरासा हात देऊन सोडायची आणि तिने ती चाल पायांनी धरून ठेवायची. चाकाची वरची बाजू आपल्याकडे येत राहिली पाहिजे. पहिल्या दुपारी तिची चाल सारखी उलटत होती. दुसऱ्या दुपारी ती पायडलवर पाय मारता मारता रेडिओवरचं गाणं म्हणू लागली, तेव्हा मला कळलं की पायाला जमलं.

पण मी तिला चालवायला शिकवत नव्हते, थांबवायला शिकवत होते. "चालव" म्हटल्यावर चालवायचं, हे कुठलंही लेकरू करतं. "थांब" म्हटल्यावर पाय जागच्या जागी सपाट झाले पाहिजेत. मी स्वयंपाकघरातून मध्येच ओरडायची, "थांब!" ती वैतागायची. "कामून थांबायचं आत्या? आत्ता तर नीट चाललंय."

"नीट चाललं असतानाच थांबायचं शीक. बिघडल्यावर थांबायला कुणालाही सुचत नाही."

हा एक धडा मी मोटारीच्या मशीनवर देणार नाही. अलीकडे मोटार बसवणं सोपं झालं आहे आणि नव्या बायका सरळ मोटारीवर शिकतात. मोठ्या बाईचं ठीक. पण मोटारीवर चुकून पाय पडला तरी सुई धावते. घरगुती मोटारीच्या मशीनवर मिनिटाला सातशे-आठशे ते हजार टाके पडतात, कारखान्यातल्या मशीनवर चार-पाच हजार. तेवढ्या वेगात लेकराच्या डोळ्याला सुई दिसतच नाही. पायमशीनचा वेग तुमच्या पायाएवढाच. पाय थांबले की ते थांबतं, आणि उजवा तळहात वरच्या चाकावर ठेवला की लगेच थांबतं. दहा-अकरा वर्षांच्या लेकरासाठी याहून चांगलं मशीन नाही. घरात आजीचं जुनं पायमशीन धूळ खात पडलं असेल तर ते भंगारात देऊ नका. आपल्याकडची अनेक मशीनं उषाची आहेत. ही कंपनी १९३० च्या दशकात कोलकात्यात मशीनं बनवू लागली. तेव्हापासूनची कितीतरी मशीनं थोडं तेल, नवा पट्टा आणि नवी सुई दिली की आजही चालतात.

पायाला जमल्यावर पट्टा चढवला, पण सुई काढून ठेवली आणि कापड दाबून धरणारा फूट वर उचलून ठेवला. खाली कापड नसताना फूट टाकून मशीन चालवलं की त्याखालचे दात त्याच्यावर घासत राहतात. आता वरचं छोटं चाक फिरू लागलं. सुरुवात नेहमी उजव्या हाताने, वरचं चाक आपल्याकडे ओढून, मग पाय. थांबतानाही तोच हात चाकावर. पट्ट्याला बोट लावायचं नाही हेही तिथेच सांगितलं. चामड्याच्या पट्ट्याची टोकं तारेच्या कडीने जोडलेली असतात, ती कडी फिरताना हाताला ओरबाडते.

त्यानंतर सुई. नवी नाही, बोथट झालेली जुनी, आणि दोरा न ओवलेली. कापडाऐवजी वहीचं पान. तिची पाचवीची गणिताची वही आम्ही यासाठी वापरली. ओळींच्या पानावर ओळ धरून भोकं पाडत जायचं आणि समासाच्या रेघेवर थांबायचं. रेघेच्या पुढे एकही भोक पडलं नाही पाहिजे. कागदाने सुई लवकर बोथट होते, म्हणून कापडाची सुई कागदावर वापरायची नाही. हात कुठे ठेवायचे तेही कागदावरच ठरतं. दोन्ही तळवे सपाट, बोटं फुटाच्या दोन बाजूंना, मध्ये सुईला मोकळी वाट. कापड ओढायचं नाही, ढकलायचं नाही. खालचे दात कापड आपोआप मागे नेतात, आपण नुसती दिशा द्यायची. लेकरं कापड पुढून ओढतात आणि ओढलं की सुई वाकते, वाकलेली सुई खालच्या पत्र्यावर आपटून तुटते आणि तुकडा उडतो. म्हणून डोळ्यांवर चष्मा. तिला नंबर नव्हता, तर माझा जुना उन्हाचा गॉगल काही दिवस तिच्या नाकावर होता.

कागदावर सरळ रेघा झाल्या, मग तिने स्वतःच पेन्सिलने चित्र काढलं. तीन डोंगर. माहूरला आलेल्या कुणालाही ते तीन डोंगर ठाऊक आहेत: एकावर रेणुकामाता, एकावर दत्त शिखर, एकावर अनसूया. मी ते चित्र पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं की कोपरा शिकवायला याहून चांगलं काही मिळणार नाही. शिखरावर पोचलं की थांबायचं. चाक हाताने फिरवून सुई कागदात खाली रुतवायची. मग फूट वर. मग कागद फिरवायचा. फूट खाली. मग पुढे. सुई खाली, फूट वर, हा क्रम उलटला तर टोक हलतं आणि शिखर वाकडं होतं. सुईच्या आधाराने कापड फिरवायचं हे एकदा कळलं की कॉलर जमते, खिसा जमतो, पिशवीचा तळ जमतो. तिने ते तीन डोंगर इतक्या पानांवर काढले की वही संपली.

याच दिवसांत ती सारखं विचारायची की टाका पडतो कसा. वर एक दोरा दिसतो, खाली तर काहीच दिसत नाही. हा प्रश्न टाळायचा नाही. सुई कुठे जाते, काय करते हे लेकराला दिसलं तर तिच्या वाटेत बोट जाणार नाही. मी बॉबिनवरचा सरकता पत्रा बाजूला केला, लाल दोरा वर, पांढरा दोरा खाली ठेवला आणि तिला चाक हाताने, अगदी हळू फिरवायला सांगितलं. सुई खाली जाते, वर यायला लागताच दोऱ्याचा छोटा फास तयार होतो, शटलचं टोक तो फास पकडतं आणि बॉबिनभोवती फिरवून आणतं. लाल दोऱ्यात पांढरा अडकतो आणि वरचा दोरा खेचला जाऊन टाका बसतो. तिने ते कितीतरी वेळा करून पाहिलं. हाताच्या सुईचं नेढं मागे असतं, मशीनच्या सुईचं टोकाजवळ, हे तिने स्वतः ओळखलं. मग मी तिला सांगितलं की अमेरिकेत एलियास हाउ नावाच्या माणसाने १८४६ साली टोकाजवळ नेढं असलेल्या सुईच्या आणि दोन दोऱ्यांच्या टाक्याच्या मशीनचं पेटंट घेतलं. नेढं टोकाशी गेल्यामुळे सुई कापडातून पूर्ण पार जायची गरज उरली नाही. दोन दोरे आणि एक फास, एवढ्यावर आजचं मशीनही चालतं.

सुई बसवायला शिकवताना मी एकच खूण सांगते. मशीनच्या सुईला एका बाजूला लांब खाच असते, दुसऱ्या बाजूला दांडीवर चपटा भाग. दोरा खाचेच्या बाजूने ओवायचा. सुई वर पूर्ण टेकेपर्यंत सरकवून मग स्क्रू आवळायचा. अर्धवट बसलेली सुई शटलवर आपटते. नेहमीच्या सुती कापडाला चौदा नंबर, जाड कापडाला सोळा. आणि सुई बदलताना, दोरा ओवताना, बॉबिन काढताना, तेल घालताना पाय जमिनीवर. पायडलवर नाही, जमिनीवर. माझ्याकडे तिला सगळ्यात जास्त वेळा ऐकावं लागलेलं वाक्य हेच असेल. नंतर मी चुकून पाय पायडलवर ठेवून दोरा ओवला की तीच मला म्हणायची, "आत्या, पाय."

दोरा ओवून कापडावर पहिली टीप घातली ती ब्लाऊजच्या कात्रणावर. आमच्याकडे कात्रण फेकत नाहीत, त्याची वाकळ होते. माझी आई उन्हाळ्यात अंगणात वाकळ घालायची, हाताच्या धाव टाक्याने. भाचीला मी मशीनच्या आधी हातसुईने चार टाके घालायला लावलेच होते. टाचण्यांबद्दल नियम कडक. टीप घालताना टाचणी फुटाखाली गेली की सुई तिच्यावर आपटते. म्हणून फूट टाचणीपर्यंत यायच्या आधी थांबायचं, टाचणी काढायची, डबीत टाकायची, मग पुढे. टाचणी तोंडात धरायची नाही. ही सवय बायकांमध्ये आहे, माझ्यातही होती, आणि लेकरू बघून तेच करतं, म्हणून मी ती सोडली. तुटलेल्या सुईचा प्रत्येक तुकडा शोधून काढायचा, जमिनीवर चुंबक फिरवायचं, झाकणाच्या डबीत ठेवायचं. ओसरीत अनवाणी माणसं फिरतात.

आमच्या भागात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, ती शहरातल्या शिवणवर्गात कुणी सांगणार नाही. माहूर आणि किनवट तालुक्यांत बंजारा तांडे खूप आहेत. तांड्यावरच्या म्हाताऱ्या बायका अजून फेटिया (घागरा) आणि कांचळी (चोळी) घालतात. हातभरताचं, आरशांचं, कवड्यांचं, नाण्यांचं ते काम पाहत राहावं असं असतं. कुणी याडी (त्यांच्या बोलीत आई) फेटियाची उसवलेली कड शिवायला माझ्याकडे घेऊन येते. ते काम मशीनवर घेताना सुई आरशावर पडली तर सुईही फुटते, आरसाही फुटतो आणि दोन्हींचे तुकडे उडतात. अशी एक याडी आली तेव्हा भाची शेजारी बसलेली. मी तिला फेटियावर हात फिरवायला सांगितलं, डोळे मिटून. टीप जिथून जाणार त्या वाटेवर बोटाला काय काय लागतं ते सांग. तिने आरसे मोजले, कवड्या मोजल्या आणि म्हणाली की इथून मशीन जाणार नाही, हातानेच शिवावं लागेल. याडी हसली आणि तिने आपल्या पिशवीतून आपली सुई काढून तिच्या हातात दिली. ती कड दोघींनी मिळून हाताने शिवली. कुठे मशीन वापरायचं नाही, हे कळणं मी शिकण्यातलाच भाग मानते.

लहान भावंडांची काळजी वेगळी. सुट्टीत तिचा तीन वर्षांचा भाऊही अधूनमधून यायचा आणि त्याचं सगळं लक्ष खालच्या मोठ्या चाकावर. वरच्या माणसाला खालचं दिसत नाही. रांगतं-चालतं लेकरू मशीनखाली शिरतं आणि फिरत्या चाकात किंवा पायडलखाली बोटं घालतं. म्हणून घरात लहान लेकरू असेल तर मशीन चालू असताना ते दुसऱ्याच्या मांडीवर किंवा दाराबाहेर असलं पाहिजे, आणि काम संपलं की पट्टा चाकावरून उतरवून ठेवायचा, सुई कापडाच्या घडीत खाली रुतवायची, कात्री वरच्या फळीवर. हे भाचीने स्वतःच्या अंगावर घेतलं. रोज संध्याकाळी पट्टा उतरवायचं काम तिचं.

सुट्टी संपायच्या आत तिने ओटीतल्या एका खणाची पिशवी शिवली. दोन टिपा, वर नेफा, त्यात नाडी. एक कड जरा वाकडी होती, ती मी उसवायला लावली नाही. ती पिशवी घेऊन ती किनवटला गेली. भावजयीने पुढच्या भेटीत तिची दहाही बोटं पाहिली आणि मग पिशवी पाहिली.

आता जे सांगायचं आहे ते मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याच वर्षी नवरात्राच्या आधी ती शनिवार-रविवारी माझ्याकडे यायची. ओसरीत खणांचे ढीग. काही गिऱ्हाइकांनी सुचवलं, "पोरीला आता येतंय ना? साध्या पिशव्या, उशांचे अभ्रे तिच्याकडे टाका, तुमचं काम हलकं होईल." सुचवणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. आमच्या भागात लेकरांनी घरच्या कामाला हात लावणं साधी गोष्ट आहे. कापूस वेचायच्या दिवसांत शाळेचे वर्ग रिकामे होतात, ऊसतोडीला आईबाप गेले की लेकरंही जातात. पण मी नाही म्हटलं आणि दरवेळी नाहीच म्हणते.

शिकणं आणि कामाला जुंपणं यात अंतर आहे. बालकामगारांवरचा कायदा १९८६ चा, २०१६ साली त्यात बदल झाला, आणि चौदा वर्षांखालच्या लेकराला कुठल्याही कामावर ठेवायला मनाई आली. घरच्या कामात शाळेनंतर किंवा सुट्टीत मदत करायची मुभा कायद्यात आहे, काम धोक्याचं नसेल तर. पण मला कायद्याच्या आधी मशीनच्या बाजूने बोलायचं आहे. घाई असलेलं मशीन लेकराच्या हातात देऊ नये. उद्या सकाळी गिऱ्हाईक येणार आहे म्हणून जी टीप घातली जाते तिच्यात थांबायला जागा राहत नाही. मी सगळा उन्हाळा तिला थांबायला शिकवलं आणि नवरात्राच्या तोंडावर घाई शिकवली असती तर आधीचं सगळं वाया गेलं असतं. बोटं जातात ती घाईत आणि थकव्यात. त्या दिवसांत तिने बॉबिनं भरली, दोरे रंगाप्रमाणे लावले, खडूच्या खुणा केल्या, आणि दुपारी झोप काढली.

यंत्रांबद्दल सावध असणाऱ्या गांधीजींनी १९२४ साली एका संभाषणात शिवणयंत्राला मात्र अपवाद मानलं होतं. एका बाईचे कष्ट हलके करण्यासाठी प्रेमातून जन्मलेलं यंत्र म्हणून ते सिंगरच्या मशीनकडे पाहत. यंत्र माणसाची जागा घेतं की माणसाचा भार हलका करतं, हा त्यांचा प्रश्न होता. माझ्या आईचा भार या काळ्या मशीनने हलका केला. वडील गेल्यावर आम्हा भावंडांची शाळा त्याच्यावर झाली. म्हणून माझ्या भाचीला ते चालवता यावं असं मला मनापासून वाटतं. मुलालाही शिकवावं असं वाटतं, तिचा धाकटा भाऊ मोठा झाला की त्यालाही मी बसवणार आहे. उसवलेला गणवेश, तुटलेलं दप्तर, फाटलेली उशी हे बघायला घरात एकच बाई असावी हे काही बरोबर नाही.

भाची आता सातवीत आहे. मशीनचं तेल-पाणी करते, सुई स्वतः बदलते, परकर शिवते. मोटारीच्या मशीनवर मी तिला अजून बसवलेलं नाही आणि इतक्यात बसवणारही नाही.

ज्यांच्या घरी पायमशीन आहे अशा आया-आत्या-आज्यांना माझं एवढंच मागणं आहे: या उन्हाळ्यात लेकराला हात लावू नको म्हणू नका. पट्टा उतरवा, सुई काढून डबीत ठेवा, पायांना पुरेल असं स्टूल बघा आणि शेजारी बसून लेकराचे पाय आधी चालू द्या. तेवढा वेळ मात्र तुम्ही उठून जाऊ नका.